पाहुणीला सांगितलं तेवढं

४ ऑगस्ट

प्रिय ताई,

"आता तू घरची झालीस, तुझ्यापासून काय लपवायचं?" असं आई म्हणाली होती. आठवतं? होडीच्या पुढच्या टोकाला मी अवघडून बसले होते आणि तू मागून म्हणालीस, "घरची झाली ना, मग एक वल्हं तिच्याही हातात द्या." त्याला अठरा वर्षं झाली. मी विद्यापीठातून तुमच्या सरोवराचा, त्यातल्या उंच पाणगवताच्या, बोरूच्या बेटांचा अभ्यास करायला आले होते. माझी जन्मदाती जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुझ्या आईनं विचारलंही नाही. आठवड्याभरात तिनं मला पुढ्यात बसवलं आणि माझे केस विंचरायला घेतले. गुंता निघेना तेव्हा म्हणाली, "हिच्या डोक्यात पाखरांनी घर केलंय." त्या दिवसापासून मी तुमची धाकटी.

आज लिहायचं कारण आनंदाचं आहे. बोरू जाळायला सरोवर कचेरीनं बंदी घातली त्याला पाच वर्षं झाली. ती उठवायचा विचार करायला आता ते तयार आहेत, पण त्यांना शास्त्रीय अहवाल हवा. तुम्ही बोरू कधी जाळता, कुठला जाळता, कुठला राखता, त्यानं पाण्याचं आणि पाखरांचं काय होतं, हे सगळं कुणीतरी रीतसर लिहून द्यायचं. ते काम मिळावं म्हणून मी अर्ज केला होता, तो मंजूर झाला! आमचे विभागप्रमुख कुणाच्या लग्नातसुद्धा हसत नाहीत, ते हसले. मी अर्जात लिहिलं होतं की या लोकांपैकी एका घरानं मला मुलगी मानलंय, त्यामुळे मला काही नव्यानं विचारावं लागणार नाही. बरंचसं माझ्या टिपणांत आहेच.

तेव्हा तुला एवढंच काम, की सोबतच्या संमतीपत्रावर गावच्या बैठकीची सही घेऊन पाठव. बैठकीची चिटणीस तूच आहेस म्हटल्यावर ते चुटकीसरशी होईल. थंडीत मी येतेच आहे. मधल्या वर्षांत दोनदा आले, तीही धावत. या वेळी चांगली मुक्काम ठोकून राहणार. आईच्या शेजारची, भिंतीकडची जागा माझी. सांगून ठेव तिला.

तुझी,
धाकटी


२७ ऑगस्ट

धाकटे,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. मग तिनं शेजारणीला हाक मारून आणलं आणि मला पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावलं. भिंतीकडची जागा तुझीच आहे म्हणाली. सध्या तिथं मांजर झोपतं.

आता दुसरं. सही झाली नाही.

तुझ्या अर्जाची प्रत कचेरीनं बैठकीकडे आधीच पाठवली होती. मी ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला घेतली, मला काय माहीत आत काय आहे! 'मुलगी मानलंय, त्यामुळे नव्यानं विचारावं लागणार नाही,' इथवर आले तोच होड्या बांधणारे काका म्हणाले, "लेक घरातलं सामान उचलून बाजारात निघाली म्हणायची." आई माझ्या शेजारीच बसली होती. हातातली काडी मोडत राहिली.

तुला हे कुणी सांगितलं नाही, कारण घरच्या माणसाला घरचे नियम कोण सांगत बसतं? ते आपोआप मुरतात असं आम्ही धरून चालतो. तू दोनच हिवाळे राहिलीस, मुरायला वेळ कुठं मिळाला? आमच्यात मुलीला सांगितलेलं घराबाहेर जात नाही. नवऱ्याला नाही, मैत्रिणीला नाही, कागदावर तर नाहीच. बाहेर जायचं ते पाहुण्याला सांगतात, सगळ्यांदेखत, काय न्यायचं ते ठरवून. शिदोरी पाहुण्याला बांधून देतात गं. घरच्यानं चुलीपाशी बसून खायचं असतं. तू दोन्ही करायला निघालीस.

राग धरू नकोस असं म्हणणार नाही. धर. मलाही आलाय, पण तुझा नाही. अहवाल आम्हाला हवाच आहे, त्याचा आलाय. पाच वर्षं जाळला नाही म्हणून मेलेला बोरू थरावर थर साचलाय. होडी आत शिरत नाही. खालचं पाणी काळं पडलंय, माशांची पिल्लं दिसेनाशी झालीत. गेल्या उन्हाळ्यात कुठून ठिणगी पडली कोण जाणे. आम्ही लावतो ती आग गुडघ्याएवढी चालते, पायाखालच्या मांजरासारखी. ही घरांच्या वर गेली. पाखरांची घरटी अंड्यांसकट गेली. आमची चटया विणायची छपरी गेली. वर कचेरी म्हणते, तुम्हीच लावलीत. तुला कळवलं नव्हतं. काय कळवायचं, आणि कुठल्या तोंडानं?

बघ काय करता येतं ते.

ताई


११ सप्टेंबर

ताई,

पत्र वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले. घासलेलीच पुन्हा घासली. नवरा दोनदा येऊन बघून गेला. एवढ्या वर्षांत त्याला कळलंय, माझी भांडी चालू असली की लांब राहायचं.

मला खरंच वाटलं होतं की घरचं माणूस म्हणजे ज्याला परवानगी लागत नाही ते. इथं तसंच असतं. जवळच्या माणसाचं काहीही न विचारता उचलायचं, आणि त्याला जवळीक म्हणायचं. तुझी ती छपरी गेल्याचं वाचलं तेव्हा मात्र मला स्वतःचाच राग आला, की मला हे पत्रातून कळतंय, आणि तेही आता.

एक सांगते. आग लावायच्या आधी आई होडीतून वाकून बोरूशी जे करायची, आणि नंतर नंतर मलाही करायला लावायची, ते मी कुठं लिहिलेलं नाही. का लिहिलं नाही ते तेव्हा कळलं नव्हतं. लिहायला घेतलं की हात थांबायचा. बाकीचं लिहिलंय. ती टिपणं आता मी उघडणार नाही.

मी अर्ज मागे घेतला असता. तसं कचेरीतल्या साहेबांना फोनवर म्हणूनही पाहिलं. ते म्हणाले, "बाई, आम्हाला काय, आम्ही कागदावर चालतो. या हिवाळ्यात कुणाचा कागद आला नाही तर बंदी कायमची होणार." दुसऱ्या कुणाला पाठवू का? आमच्याकडे एक सहकारी आहे. चांगला माणूस आहे, तुमच्या कुणाचा कुणी लागत नाही. त्याला सांगता येईल ना?

आई काय म्हणाली? तू तिच्या हातातल्या काडीबद्दल लिहिलंस, तिच्याबद्दल नाही.

धाकटी


३० ऑक्टोबर

धाकटे,

उशीर झाला, कारण बैठक एकदा बसून उठली नाही. पुन्हा पुन्हा बसली. मधे काका रुसून होडीत जाऊन बसले, त्यांना आणायला माणसं पाठवावी लागली.

तुझा सहकारी नको. तो चांगला असेल, आधी आलेलाही चांगलाच होता. आठवडाभर रेकॉर्डर घेऊन फिरला, सगळ्यांशी गोड बोलला, आणि गेल्यावर लिहिलं की हे लोक करमणुकीसाठी आगी लावतात. का, तर आग चालत असताना बायका हसत होत्या. अगं, त्याची विजार मागून फाटली होती आणि त्याला सांगणार कोण? कचेरीनं बंदी घातली ती त्याच्या कागदावर. तेव्हापासून चांगल्या माणसांची आम्हाला धास्तीच आहे.

तुला काय विचारायचं ते ठाऊक आहे. आणि काय विचारायचं नाही, तेही ठाऊक आहे. हे मी नाही म्हणत, काका म्हणाले. तेव्हा बैठकीनं ठरवलंय ते असं. तू ये, पण पाहुणी म्हणून. आईनं सगळ्यांदेखत उभं राहून म्हणायचं, 'ही माझी मुलगी नाही, ही पाहुणी आहे.' मग तू बैठकीत विचारायचंस आणि आम्ही बैठकीत सांगायचं. मुलगी असताना ऐकलंस ते ऐकलंच नाही असं धरायचं. लिहिलेलं आधी आम्हाला वाचायला द्यायचं, आम्ही काढ म्हणू ते काढायचं. उतरायचं धक्क्यावरच्या पाहुण्यांच्या खोलीत, आपल्या घरी नाही. आणि मी तुला अहो-जाहो करायचं, तू मला. हसू नकोस. मला तेच सगळ्यात जड जाणार आहे.

एकदा हे झालं की मागं फिरता येत नाही, तेही सांगून ठेवते. पाहुणी परत मुलगी झाली तर घरातलं आणि बाहेर गेलेलं एकात एक मिसळेल. मग कुणाला काय म्हणून सांगितलं होतं ते पुढं कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून तसं करत नाहीत. कधीच केलेलं नाही.

नाही म्हणालीस तर इथं कुणी बोल लावणार नाही. मी तर लावणारच नाही. मला खरं तर, असो.

आईला विचारलं होतं. म्हणाली, "तिला विचारा."

ताई


९ नोव्हेंबर

ताई,

येते.

हा एक शब्द लिहून कागद तसाच ठेवला होता. रोज सकाळी कामावर जाताना टेबलाशी थांबून बघायचे, तो अजून आहे का. होता.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "शब्दच आहेत ना? आतून तर तू त्यांची मुलगीच राहशील." भला माणूस आहे. त्याला वाटतं माणूस आतून एक असतो आणि बाहेर काहीही म्हटलं तरी आतल्याला धक्का लागत नाही. मी त्याला सांगितलं, मी मुलगी झाले तीसुद्धा एका वाक्यानं झाले होते. तेव्हा मी नव्हतं म्हटलं की शब्दच आहेत.

तुला खरं सांगू? मला सरोवराची आठवण येते, पण ती फोटो पाहिले तरी भागते. भागत नाही ते वेगळंच. त्या पहिल्या हिवाळ्यात मी धक्क्यावरून पाय घसरून पाण्यात पडले आणि कुडकुडत घरी आले. आईनं मला कोरडं करता करता जे काय झापलं! "डोळे काय कचेरीत ठेवून आलीस? मेली असतीस म्हणजे?" अंग पुसतेय आणि बोलतेय, बोलतेय आणि पुसतेय. मी मनात म्हणत होते, थांबू नकोस. पंचेचाळिशी आली माझी. हाताखाली माणसं आहेत, सगळी आदरानं बोलतात. मी धडपडले तर खुर्ची आणून देतात. मला कुणी रागवत नाही, ताई.

तरी येते. बोरूसाठी, पाखरांसाठी, असं मी विभागप्रमुखांना सांगेन आणि ते खोटंही नाही. पण आईची छपरी जळाली आहे. तिच्या हातची, गुडघ्याएवढी चालणारी आग तिला परत मिळवून देता येत असेल, तर मुलीनं आणखी काय करायचं असतं? तेवढं मुलगी म्हणून करते. मग पाहुणी होते.

एकच मागते, आणि मी अजून घरची आहे तोवर मागते. आईला खरंच काय वाटतंय ते लिही.

धाकटी


२४ नोव्हेंबर

धाकटे,

आई समोर बसलीय. ती सांगते तसं लिहिते.

'पाहुण्यांच्या खोलीत फटीतून वारा येतो. जाड पांघरूण आण. मांजराला मी भिंतीकडून उठवलं नाहीय, राहू दे त्याला. येताना ताईला चष्मा आण, सुईत दोरा ओवताना शिव्या देते.' हे खोटं आहे. मी फक्त सुईला देते.

तुझं शेवटचं वाक्य तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "लिही, आई बाहेर गेलीय."

ती इथंच बसलीय, धाकटे. माझ्यासमोर. पाय पोटाशी घेऊन.

आता ती आत गेली, तेव्हा माझं एक लिहिते. तू आलीस तेव्हा होडीतली पुढची जागा आईनं तुला दिली. ती माझी होती. मी तेव्हा वल्ह्याचा विनोद केला, सगळे हसले, मला तो विनोद करायचा नव्हता. आता तू पाहुणी झालीस की ती जागा परत माझी. मला बरं वाटायला हवं की नको? बसून बघितलं परवा. पुढं वारा फार लागतो.

ये. दुपारच्या बोटीनं ये, सकाळची वेळेवर नसते.

ताई


३ फेब्रुवारी

माननीय चिटणीसबाई यांस,
सादर नमस्कार.

ठरल्याप्रमाणे अहवालाचा मसुदा सोबत पाठवत आहे. कृपया बैठकीत वाचावा आणि काढायचं, बदलायचं ते कळवावं. तुमच्याकडून परत आल्याशिवाय हा कागद कचेरीला जाणार नाही.

इथंच पत्र संपवायला हवं. पण तुम्ही त्या दिवशी बैठकीत माझ्या मागं बसला होता, तुम्हाला माझा चेहरा दिसला नाही, आणि मला तुमचा. म्हणून लिहिते.

तुमच्या आई उभ्या राहिल्या तेव्हा मी वर पाहिलंच नाही. मला त्यांचे फक्त हात दिसत होते. मला वाटलं होतं आवाज कापेल. नाही कापला. बोट हाकारणाऱ्यासारखा खणखणीत आवाज लावला, शेवटच्या रांगेपर्यंत गेला असेल. मला त्याचाच राग आला होता, मूर्खासारखा. खोलीवर गेल्यावर कळलं, की हळू म्हटलं असतं तर ते पुन्हा म्हणावं लागलं असतं.

मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "प्रवासाचा त्रास नाही ना झाला आपल्याला?" मी म्हटलं, नाही.

त्यानंतर मी विचारत गेले. पाणी किती ओसरलं की निघता, कुठली बेटं राखता, राखलेल्याला पुन्हा कधी हात लावता. जे मला ठाऊक होतं तेही विचारलं, आणि विचारताना कळलं की निम्म्याहून जास्त मला चुकीचं ठाऊक होतं. मुलगी म्हणून ऐकताना मी आईकडे बघत होते, तिच्या बोलण्याकडे नाही. तुम्ही सगळे एकमेकांचं बोलणं तोडत, भांडत सांगत होता, आणि काका दर वाक्याला "तसं नाही" म्हणत होते. इतकी छान माहिती मला कधी मिळाली नव्हती. हे लिहितानाही मला लाज वाटते की मला त्यात आनंद झाला.

शेवटी मी विचारलं, "वारा पडला, होडी बेटाला लागली. आग लावायच्या आधी काय करता?"

ते विचारायलाच हवं होतं. पाहुणीनं विचारलं नसतं तर सगळ्यांना कळलं असतं की ती अजून पाहुणी नाही. तुमच्या आई म्हणाल्या, "ते घरचं आहे. ते सांगत नाही." बायका मांडीकडे बघायला लागल्या. माझा हात वहीवर होता आणि त्या हाताला ते येतं. मी लिहिलं, 'यापुढचं सांगितलं नाही.' मसुद्यातही तसंच आहे, पान उलटलं की दिसेल. विभागप्रमुख म्हणाले, "इथं भोक दिसतंय." मी म्हटलं, "भोक नाही, दार आहे. बंद आहे."

खोलीत वारा येतो खरा. पांघरूण पुरलं. चष्मा नंबराला बरोबर आहे का ते कळवावं.

आपली,
पाहुणी


१९ मार्च

पाहुणीबाईंना नमस्कार.

चष्मा बरोबर आहे. आता मला लांबचंही दिसतं, त्यामुळे काकांची पंचाईत झालीय, बैठकीत झोपता येत नाही.

मसुदा वाचला. एवढं बदला. 'प्राचीन परंपरा' असं जिथं जिथं आलंय तिथं खोडा. प्राचीन काय त्यात? दर वर्षी पाणी बघून नव्यानं ठरवतो, भांडून ठरवतो, कधी चुकतो. चुकतो तेही लिहा, नाहीतर पुढं कुणी आमच्या डोक्यावर देवपण ठेवेल आणि मग चुकायची सोय राहणार नाही. नकाशातून राखलेल्या बेटांची नावं काढा, त्यावर अंडी चोरणारे येतात. 'स्थानिक लोकांच्या मदतीनं' असं मुखपृष्ठावर आहे ते आवडलं नाही. मदत तुम्ही केलीत. सांगितलं बैठकीनं. बैठकीचं नाव वर, तुमचं खाली. काका म्हणत होते तुमचं पण वरच घ्या, पण मतं कमी पडली.

अहवाल येतोय एवढ्या भरवशावर कचेरीनं यंदापुरती पूर्वेकडची बेटं जाळायला दिली हे तुम्हाला कळलंच असेल. तुम्हाला बोलवायला हवं होतं. पण वारा पडला तो अचानक, आणि त्या दिवशीच्या होड्यांत घरचीच माणसं असतात. तुम्हाला ते ठाऊक आहे. म्हणजे, ठाऊक नाही.

चांगली चालली आग. पाच वर्षांचा साठा, भीती होती. आई पुढच्या टोकाला बसली होती. मी तिला म्हटलं, तुझं वय झालं, मागं ये, मी बसते. ऐकेना. वाकली, करायचं ते केलं, आणि मग मागं न बघता हात मागं केला. कुणाच्या तरी हातात बोरू द्यायचा असतो तसा. मी मागं वल्ह्यावर होते, पोचण्याइतकी जवळ नव्हते. हात तसाच राहिला. मग तिनं तो बोरू पाण्यात सोडून दिला.

तू असतीस तर... हे खोडलंय, वाचू नका.

आता जळलेल्या जागी हिरवं टोकदार काहीतरी वर यायला लागलंय. पाखरं बघून गेलीत. छपरी पुन्हा उभी करतोय.

आईची तब्येत बरी आहे. तुमची चौकशी करत नाही. नाव निघालं की उठून कामाला लागते.

चिटणीस


६ जून

माननीय चिटणीसबाई यांस,
सादर नमस्कार.

बंदी उठली. हुकमाची प्रत सोबत आहे. बैठकीचं नाव वर आहे, माझं खाली. विभागात सगळ्यांनी अभिनंदन केलं. कुणीतरी फुलं आणली, मी ती टेबलावरच विसरून घरी आले.

हुकमात शेवटी एक अट आहे, ती नीट वाचा. दर वर्षी किती जाळलं, किती राखलं याचा अहवाल द्यायचा, आणि तो याच अभ्यासकाच्या सहीनं. म्हणजे माझ्या. मी साहेबांना विचारलं की बैठकीनं स्वतःच का लिहू नये, त्यांची चिटणीस माझ्यापेक्षा सरळ लिहिते. ते म्हणाले, "बाई, त्यांचं त्यांनीच लिहिलेलं आम्ही कसं धरणार? बाहेरचं माणूस पाहिजे." मी बोलत राहिले, ते ऐकत राहिले, आणि अट तशीच राहिली. पुन्हा भांडेन. पण यंदा काही होणार नाही, पुढल्या वर्षीही बहुधा नाही.

तुमचं मार्चचं पत्र माझ्या पर्समध्ये असतं. आईंच्या मागं केलेल्या हाताबद्दल तुम्ही लिहिलंत, ते लिहायला नको होतं, ते घरचं होतं. लिहिलंत म्हणून मी तुमची ऋणी आहे. परवा इथं बस थांब्यावर एक बाई आपल्या मोठ्या मुलीला सगळ्यांसमोर ओरडत होती, छत्री विसरली म्हणून. मुलगी लाजेनं लाल झाली होती. मी माझी बस जाऊ दिली आणि शेवटपर्यंत ऐकलं.

म्हणून बैठकीला एक अर्ज करते. मला पुन्हा मुलगी करून घ्यावं. मग मला काही लिहिता येणार नाही हे मला माहीत आहे. तुमची आग माझ्या सहीवर चालते हेही माहीत आहे, आणि पाहुणी परत मुलगी होत नाही हे तर तुम्हीच मला लिहून कळवलं होतंत. काका नाही म्हणतील. तुम्हालाही नाही म्हणूनच हात वर करावा लागेल, आणि तुम्ही बरोबर कराल. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

तरी हा अर्ज सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. फक्त त्या दिवशी आईंना बैठकीला आणू नका. त्या हो म्हणतील, आणि मग त्यांना नाही म्हणायचं तुमच्या वाट्याला येईल.

मला परत घरात घ्या, ताई.